शेडकार्ड काय सांगत नाही?
रंगाच्या दुकानातले शेडकार्ड आम्ही पुस्तकासारखे वाचून पाहिले. मध, केशर, लोणी अशी तोंडाला पाणी सुटणारी नावे. पण रंगद्रव्य कोणते, याबद्दल अवाक्षर नाही! डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन पिवळ्या रंगांपैकी एकात सेंद्रिय रंगद्रव्य असू शकते, दुसऱ्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे संयुग. २०१६च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत शिशाचे ९० भागच चालतात. शाळेच्या दाराखिडक्यांवरचे ऑईलपेंटचे जुने थर मात्र अनेकदा त्याआधीचे. रंगारी ते कोरडेच खरवडतो. धूळ बाकांवर बसते, तिथून मुलांच्या बोटांवर आणि तोंडात. लहान वयात शिसे मेंदूच्या वाढीलाच बाधते. छटा कोणतीही निवडा, पण जुना थर ओला करूनच घासायला सांगा, तोही शाळेला सुट्टी असताना.