वैकुंठ चालले, आत्मा चालला नाही

फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चे नाव निघाले की मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या चार-दोन ओव्या उद्धृत करायच्या आणि पुढे जायचे, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड. 1616 साली साष्टीतल्या रायतूरला छापलेल्या या ग्रंथाच्या ओव्या अकरा हजारांच्या घरात आहेत. उरलेल्यांत एक भाषांतरकार काम करतो आहे, हे सहसा कोणी पाहत नाही.

त्याच्यापुढचे बायबल जेरोमच्या लॅटिनमधले, ‘व्हल्गेट’. चौथ्या शतकाच्या अखेरीस ते सिद्ध करणारा जेरोम रोमन विद्येत पुरता मुरलेला होता. व्याकरणकार दोनातस हा त्याचा गुरू. स्वप्नात देवाच्या न्यायासनापुढे आपल्याला ख्रिस्ताचा नव्हे, सिसेरोचा माणूस ठरवले गेले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. ती विद्या भाषांतरात उतरलीच. यशयाच्या ओसाड नगरीत हिब्रूतल्या कोल्ह्यांच्या जागी त्याने सायरनी आणून बसवल्या. लिलिथची लामिया केली, आपल्याकडची हडळच म्हणा ना. धर्मग्रंथात परक्या दैवतकथांचे शब्द घ्यायला हरकत नाही, हा दाखला स्टीफन्सला असा मूळ पोथीतच मिळत होता.

तो ओळीला ओळ लावत नाही, कथा नव्याने सांगतो. स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हणतो, आपल्या ग्रंथाला ‘पुराण’. पित्याला ‘देव बाप’ हा शब्द त्याला पुरतो. पण छापील पाठात पवित्र आत्म्यापाशी येताच तो मराठी सोडून ‘स्पिरिता सांता’ म्हणतो. मला हे फार बोलके वाटते. वैकुंठ ही जागा आहे. जुना धनी उठवून तिथे नवा बसवता येतो. ‘आत्मा’ म्हटले की मागोमाग सगळा वेदान्त आलाच, आणि त्याला दाराबाहेर थांबवणे अवघड.

मात्र ‘वैकुंठ’ही वाटते तितके मोकळे नव्हते. अकलूजच्या रिंगणात तुकोबांच्या पालखीमागे उभ्या असलेल्या माणसाला हा शब्द कोणता अर्थ देतो, ते वेगळे सांगायला नको. साष्टीतल्या नवख्रिस्ती श्रोत्यालाही तो तसाच ऐकू आला असणार. फरक असा की, त्याच्या गावची देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती आणि जुनी पुराणे ऐकण्याची सोय उरली नव्हती. जेरोमने स्वतःच्या घरातले शब्द वापरले. स्टीफन्सने ज्यांचे घर मोडले होते त्यांचे शब्द घेतले. प्रेमाने घेतले, हेही तितकेच खरे. म्हणून त्याला नुसता धूर्त ठरवणारी टीका मला पटत नाही आणि नुसता मराठीप्रेमी ठरवणारी त्याहून कमी.

लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात याच पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आहे. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी बऱ्याच ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द येतात. ते शब्द स्टीफन्सचे की नंतरच्या कुणा लेखनिकाचे, हे ठरवायचे तर दोन्ही पाठ ओवीगणिक शेजारी ठेवून वाचावे लागतील.