पंगतीचा प्रश्न आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मय

माजरी हे कोळशाच्या खाणींचे आणि रेल्वेच्या जंक्शनचे गाव. खाणीच्या आधाराने येथे अनेक मुलखांतली माणसे एकत्र आली. माझे एक शेजारी तेलुगू मुलखातून आलेले, धर्माने ख्रिस्ती. आजोबांची जात मादिगा, म्हणजे कातडे कमावणाऱ्यांची. माझ्याकडची दलित आत्मकथने ते मुलाकडून वाचून घेत. एकदा पुस्तक परत देताना म्हणाले, “भाऊ, सगळं आमच्यासारखंच आहे. पण यात आमचे लोक कुठे आहेत?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत टिपण त्या निरुत्तरतेतून लिहिले आहे.

ख्रिस्ती धर्म म्हटले की आपल्याकडे चर्चा मिशनरी, शाळा, दवाखाना आणि ‘बाटवाबाटवी’ यांभोवतीच फिरते. प्रस्थापित टीकाकाराला तो परकीयांचा धर्म वाटतो आणि आपल्या चळवळीतल्या लेखकाला तो दुसऱ्यांचा प्रश्न वाटतो. वस्तुतः या धर्माच्या मुळाशी असलेला पेच गावकुसाबाहेरच्या माणसाला सर्वांत आधी कळावा असा आहे. तो पेच पंगतीचा आहे.

येशू रोमन अंमलाखालचा एक ज्यू, सुताराच्या घरातला. समाजाने पापी ठरवलेल्यांबरोबर तो जेवतो हा त्याच्यावरचा एक मुख्य आक्षेप शुभवर्तमानांत नोंदलेला आहे. ज्या क्रूसावर त्याला मारले ती शिक्षा रोमन सत्ता मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना देत असे. त्याच्यामागे त्याच्या अनुयायांत जो पहिला मोठा तंटा झाला तोही जेवणावरूनच. पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ती हकीकत आहे. अंत्युखियात पेत्र ज्यूतरांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसे येताच त्यांच्या भीतीने तो वेगळा झाला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर सुनावले. एकाच भाकरीचा आणि एकाच प्याल्याचा विधी या धर्माच्या केंद्रस्थानी आहे. तेव्हा त्याची पारख त्याच्याच कसोटीने करायची, तर कोण कोणाच्या हातचे खातो, हाच प्रश्न विचारावा लागेल.

मराठीत ही कथा भव्य स्वरूपात प्रथम आणली ती फादर स्टीफन्स यांनी. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. ओवीबद्ध, पुराणाच्या घाटाचे, वैकुंठासारखे शब्द सहज स्वीकारणारे हे काव्य भाषेच्या दृष्टीने मोठेच आहे. तथापि पुराणाचा घाट घेतला तरी पुराणिकाभोवतीची समाजरचना मोडली नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदीर हे भेद पुढेही राहिले. देव बदलला, पंगत बदलली नाही.

दुसरे पर्व अहमदनगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे १८३१ मध्ये सुरू झाले, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघाले. पुढे तिथल्या मंडळ्या भरल्या त्या प्रामुख्याने महार-मांगांनी. याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांची मांगाची पोर. वेद आमचे नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल तिने केला. ती ख्रिस्ती नव्हती. पण तिला छापील कागद दिला तो ख्रिस्ती पत्राने. हे ऋण आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु पुढे काय झाले? दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले. विधवांचे दुःख खरे आहे आणि ते सांगण्याचे धैर्यही खरे आहे. पण मुक्तेने उघडलेली वाट त्या कादंबरीने पुढे नेली नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा नायक वा नायिका पांढरपेशा घरातून धर्मांतराच्या उंबरठ्यावर येणारी, हा साचा पक्का होत गेला.

या परंपरेतील सर्वांत थोर पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून प्रसिद्ध). त्याच्या थोरवीविषयी वाद नाही. वडिलांच्या विक्षिप्त सोवळ्यात वाढलेली ही बाई नवऱ्याच्या धर्मांतराने उन्मळून पडते, त्याच्याकडे परत येऊनही आपले सोवळे जपते, आणि अखेर जातिभेद माणसानेच केला हे उमजून कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचे ठरवते. मराठी गद्यात इतका निखळ प्रांजळपणा विरळा. तरीही आमच्या बाजूने एक प्रश्न उरतोच. पाणी पिणारीचे मन आपल्याला पानोपानी दिसते. ज्याच्या हातचे पाणी ती पिते, त्याचे मन कोठे आहे? तिच्यासाठी तो क्षण विजयाचा. त्याच्यासाठी तो सन्मानाचा होता, की उशिरा फेडलेल्या कर्जाचा? हा लक्ष्मीबाईंचा दोष नव्हे. त्यांनी आपले जगणे लिहिले. दोष परंपरेचा आहे. तिने एका बाजूचे आत्मचरित्र शिरोधार्य मानले आणि दुसऱ्या बाजूच्या आत्मचरित्राची वाटही पाहिली नाही.

तो आवाज उठला तेव्हा मराठीत उठला नाही. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली आणि त्यातून दलित ईश्वरविद्या उभी राहिली. पण हे सारे इंग्रजीतून.

बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्याच्या स्थितीवर लिहिताना, या धर्माने जात मोडली काय, असा रोखठोक प्रश्न केला होता. ते लेखन १९८९ मध्ये शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आले. त्यांनी बुद्धाचा मार्ग निवडला आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्या चांद्यात येऊन दीक्षा दिली. पण त्यांचा प्रश्न चर्चला होता; चर्चमधल्या मागच्या बाकावरच्या दलिताला नव्हता. आपण मात्र त्या बाकावरच्या माणसालाच वगळले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची ओळख हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तीत आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. कायद्याने आखलेली ही रेघ साहित्यानेही निमूट गिरवावी, हे विद्रोहाच्या वाङ्मयाला शोभत नाही.

अंत्युखियातल्या पंगतीतून पेत्र उठला तेव्हा त्याला जाब विचारणारा कोणी तरी होता. आमच्या पंगतीत माझ्या शेजाऱ्याला पानच मांडलेले नव्हते, आणि जाब त्यालाच विचारावा लागला. त्याचा मुलगा आता लिहिता झाला आहे. त्याने लिहिलेले आले, तर आपण ते कोणत्या सदरात छापणार?