लेखनिकाचे वळण

एका संस्थेने दिलेले प्रशस्तिपत्र माझ्या कपाटात आहे. त्यावर माझे इंग्रजी नाव ‘मोनोटाइप कॉर्सिव्हा’ या टाइपात, सगळ्या मोठ्या अक्षरांत छापले आहे. प्रत्येक अक्षराची शेपटी शेजाऱ्याच्या अंगावर जाते. नाव माझेच असल्यामुळे मला वाचता येते, इतकेच. समारंभी इटॅलिक म्हणजे नुसती शोभा, असे मीही बरीच वर्षे समजत होतो. कॉर्सिव्हा ज्याच्या वळणावर बेतला आहे, त्या आरिगीपर्यंत पोचल्यावर ते मत बदलावे लागले.

लुदोविको देल्यी आरिगी हा रोममध्ये पोपच्या दफ्तरात लेखनिक होता. १५२२ सालच्या ‘ला ओपेरिना’ या कित्त्यात त्याने दफ्तरी वळण शिकवले. ती पाने लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली. खिळ्यांकडे तो त्यानंतर वळला. १५२७च्या रोमच्या लुटीनंतर त्याचा माग लागत नाही. त्याच्याच खिळ्यांवरून १९२५मध्ये फ्रेडरिक वॉर्ड या अमेरिकन माणसाने ‘आरिगी’ हा टाइप घडवला. पुढे तो ब्रूस रॉजर्सच्या ‘सेंटॉर’ या उभ्या टाइपाचा जोडीदार झाला.

या टाइपात अक्षरे अरुंद आहेत, कल बेताचा आहे. रुंद टोकाची लेखणी एकाच कोनात धरली की रेघेची दिशा बदलताच जाड-बारीकपणा आपोआप येतो; बोरूने कित्ता गिरवलेल्याला हे वेगळे सांगायला नको. रोमन ‘एन’ची कमान दांड्याच्या खालच्या अंगातून फुटून वर चढते, कारण लेखनिकाला हात उचलायला सवड नव्हती. म्हणजे ज्याला आपण दिमाख म्हणतो, ती मुळात घाई आहे.

दांडे वर-खाली लांब जात असल्याने ओळींमध्ये मोकळी जागा लागते. म्हणून कविता, अर्पणपत्रिका, चार ओळींचे निमंत्रण इथे तो खुलतो. रॉबर्ट ब्रिजेसच्या कवितांचे ‘द टॅपेस्ट्री’ १९२५मध्ये याच टाइपात निघाले. सलग गद्याची दोनशे पाने मात्र मला सोसणार नाहीत. व्हेनिसच्या आल्डुसने १५०१मध्ये अख्खा व्हर्जिल इटॅलिकमध्ये छापला हे खरे. पण तोही काव्यग्रंथच, आणि त्यातली मोठी अक्षरे उभी व आखूड होती. हे कळल्यावर मी माझे नाव संगणकावर पुन्हा जुळवले: आद्याक्षरे उभ्या टाइपातली, बाकीची कॉर्सिव्हाची लहान. कुणालाही वाचता आले.

दफ्तरातले झरझर वळण आपल्याकडेही होते. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१०मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला मोडी खिळ्यांत छापला गेला होता. पण छापखाना पुढे बाळबोधीचा झाला आणि मोडी बहुतांशी हस्तलिखितांतच राहिली. दोघींची जोडी पुस्तकाच्या एका पानावर नांदली असती, तर आपल्यालाही खरे इटॅलिक मिळाले असते, असे मला वाटते. आज मराठीत ‘तिरके’ म्हणजे संगणकाने एका बाजूला ढकललेली बाळबोध: शिरोरेघ जागच्या जागी, दांडे कललेले. मी ग्रंथनामे तिरकी करत नाही, अवतरणचिन्हांत घालतो. संपादक हसतात आणि तसेच ठेवतात.