पृथ्वीच्या केंद्राकडे प्रवास

फ्रेंच कादंबरीकार झ्यूल व्हेर्न (१८२८–१९०५) याची भूगर्भातील प्रवासावरील विज्ञानसाहसकथा. मूळ शीर्षक व्हॉयाज ओ साँत्र द ला तॅर. प्रकाशक एत्झेल याने ती १८६४ मध्ये एकदम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. एद्वार र्‍यूच्या चित्रांसह १८६७ मध्ये निघालेल्या आवृत्तीत व्हेर्नने काही भाग नव्याने घातला.

भूगर्भातील जगाची कल्पना व्हेर्नपूर्वीही होती. एडमंड हॅली याने १६९२ मध्ये पृथ्वी आतून पोकळ असल्याचे अनुमान मांडले होते, तर लूद्व्ही हॉल्बर्गच्या १७४१ मधील लॅटिन कादंबरीचा नायक थेट भूगर्भातील राज्यांत जाऊन पोहोचतो. हॉल्बर्गला उपरोधासाठी एक परके जग हवे होते. खडकांशी त्याला कर्तव्य नव्हते. व्हेर्नने मात्र खडकांनाच कथेत स्थान दिले.

हँबर्गचा खनिजशास्त्रज्ञ ओट्टो लिडनब्रोक याला एका जुन्या हस्तलिखितात आर्ने साक्नुसेम या सोळाव्या शतकातील आइसलँडिक किमयागाराचा सांकेतिक मजकूर सापडतो. त्याच्या आधारे लिडनब्रोक, त्याचा पुतण्या आक्सेल व वाटाड्या हान्स हे तिघे आइसलँडमधील स्नेफेल्स या ज्वालामुखीच्या मुखातून खाली उतरतात आणि अखेरीस इटलीतील स्ट्राँबोलीच्या उद्रेकाबरोबर बाहेर फेकले जातात. केंद्र तर दूरच राहते : भूगर्भातील समुद्रापाशी ते पोहोचतात, तेव्हा त्यांनी गाठलेली खोली सु. ३५ लीग, म्हणजे सु. १४० किमी. असते. पृथ्वीची त्रिज्या सु. ६,३७१ किमी. आहे.

खोलीबरोबर तापमान वाढते, हा आक्सेलचा आक्षेप. हंफ्री डेव्हीच्या मताचा आधार घेऊन काका तो उडवून लावतो. शास्त्र पुतण्याच्या बाजूचे होते. रशियातील कोला द्वीपकल्पावरील छिद्र १९८९ मध्ये १२,२६२ मी. पर्यंत गेले, तेव्हा तेथे सु. १८०° से. तापमान आढळले. तथापि केवळ या चुकीवरून कादंबरीचे मूल्य ठरविणे अन्यायाचे होईल. व्हेर्नने आक्षेप दडविलेला नाही. तो निवेदकाच्याच तोंडी घातला आहे. शंकेखोर, भित्र्या तरुणाने कथा सांगावी व हट्टी विद्वानाने पुढे चालावे, या योजनेमुळे बालवाचकाला प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो. खरी उणीव वेगळी आहे. प्रत्यक्ष उष्णता कमी भरते, तेव्हा तिचे कारण न शोधता लेखक पुढे सरकतो.

कादंबरीचे सामर्थ्य दिसते ते शास्त्र आणि भय एकत्र येतात तेथे. उंचीची भीती जावी म्हणून काका आक्सेलला कोपनहेगनमधील चर्चच्या मनोऱ्यावर पाच दिवस चढवितो. पुढे अंधाऱ्या भुयारात वाट चुकलेल्या आक्सेलला खडकातून काकाचा आवाज ऐकू येतो. प्रश्न व उत्तर यांत चाळीस सेकंद जातात. त्यावरून आवाजाला एका बाजूने वीस सेकंद लागतात, असे गृहीत धरून दोघांमधील अंतर सु. दीड लीग असल्याचे काढले जाते. मृत्यूच्या छायेत केलेला हा साधा गुणाकार आहे. विज्ञान येथे माहितीचे ओझे राहत नाही, ते जगण्याचे साधन होते. व्हेर्नच्या अनुकरणकर्त्यांना नेमके हेच क्वचित साधले.

आक्सेलच्या दिवास्वप्नात सृष्टीचा काळ उलटा फिरून प्राणी, वनस्पती व शेवटी खडकही वितळून जातात. खाली उतरणे म्हणजे काळात मागे जाणे, या कल्पनेचे हे सर्वांत समर्थ रूप होय. १८६७ मध्ये वाढविलेले मॅस्टोडॉनचे कळप व त्यांना राखणारा महाकाय मानव यांचे चित्र त्यामानाने ठिसूळ वाटते. निवेदकच पुढे आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही.

१८७१ च्या इंग्रजी भाषांतरात पात्रांची नावे बदलून लिडनब्रोकचा हार्डविग व आक्सेलचा हॅरी करण्यात आला आणि मजकुरातही मनमानी फेरफार झाले. ही आवृत्ती दीर्घकाळ पुनःपुन्हा छापली गेल्याने इंग्रजी वाचकांत व्हेर्नची ‘पोरांसाठी लिहिणारा’ ही प्रतिमा रूढ होण्यास हातभार लागला. मराठीत व्हेर्नच्या कादंबऱ्या मुलांपर्यंत नेण्याचे काम प्रामुख्याने भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी केले. ‘पाताळ’ हा शब्द ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला भूगर्भाची वाट अनोळखी नव्हती. तापमापक व होकायंत्र घेऊन तेथे उतरणे मात्र नवे होते.