मोठी माणसं तेव्हा काय करत होती?

माझी मुलगी नववीत होती. ‘द हंगर गेम्स’ वाचून झालं त्या रात्री ती ताटावर बसून पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, “आई, 74 वर्षं ही मोठी माणसं गप्प कशी बसली गं?” दरवर्षी चिठ्ठ्या काढून पोरांना मरायला पाठवतात, आईबाप चौकात उभे राहून बघतात आणि दुसऱ्या दिवशी कोळशाच्या खाणीत कामाला जातात. नायिका कॅटनिसच्या धनुष्यबाणापेक्षा तिला हे जास्त झोंबलं होतं. भीती, उपासमार, सैन्य असं काहीतरी मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

मार्च 2025 मध्ये त्याच मालिकेतलं सुझन कॉलिन्सचं ‘सनराइज ऑन द रीपिंग’ आलं, तेव्हा मुलीने दोन प्रती मागवल्या. एक तिला, एक मला. आता ती नोकरी करते, वेगळी राहते, पण त्या आठवड्यात आमचे रोज रात्री फोन झाले. पुस्तक संपलं तेव्हा लक्षात आलं, लेखिकेने तिच्या त्या जुन्याच प्रश्नाला हात घातला होता. मग लोइस लाऊरी, मॅलरी ब्लॅकमन, मार्गारेट ॲटवूड यांनी आपापल्या जुन्या जगात उशिरा परत जाऊन लिहिलेली पुस्तकं मी पुन्हा काढली. प्रत्येकीचं परत येण्याचं कारण वेगळं आहे, पण वळण एकच. पहिल्या पुस्तकात जी मोठी माणसं कडेला उभी होती, क्रूर किंवा भित्री किंवा नुसती निरुपयोगी वाटत होती, त्यांच्याकडे ही उशिराची पुस्तकं वळतात.

कुमारवयीनांसाठीच्या डिस्टोपियन कादंबरीचा पायाच मुळी मोठ्यांच्या नाकर्तेपणावर उभा असतो. मोठ्यांनी जग नीट ठेवलं असतं, तर सोळा वर्षांच्या मुलीला हातात शस्त्र घ्यावं लागलंच नसतं. चौदाव्या वर्षी हे वाचताना मोठ्यांचा मनापासून राग येतो आणि तो यायलाच हवा. पण तोच वाचक पंधरा वर्षांनी परत येतो तेव्हा तो स्वतः मोठ्यांच्या रांगेत उभा असतो. ‘पुढे काय झालं’ एवढं सांगून त्याला परत बोलावता येत नाही. निदान मला तरी तेवढं पुरत नाही.

लाऊरीचं ‘द गिव्हर’ 1993 मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदक मिळालं. त्यातला समाज दुःखमुक्त आहे, कारण तिथे आठवणीच नाहीत, रंगही नाहीत. बारा वर्षांच्या जोनसवर साऱ्या समाजाच्या आठवणी सांभाळायचं काम येतं. त्याचे वडील तान्ह्या मुलांची देखभाल करतात. प्रेमळ, थट्टेखोर माणूस. एक दिवस जोनस त्यांच्या कामाचं चित्रीकरण बघतो. जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाच्या डोक्यावरच्या शिरेत वडील सुई खुपसतात, लाडाच्या आवाजात बोलत राहतात, बाळ निपचित पडल्यावर त्याला खोक्यात घालतात आणि खोकं कचऱ्यासारखं खाली सोडून देतात. जोनसचं बालपण त्या एका चित्रफितीत संपतं.

‘सन’ 2012 मध्ये आलं, म्हणजे एकोणीस वर्षांनी. मधल्या ‘गॅदरिंग ब्लू’ आणि ‘मेसेंजर’मधून ते जग थोडं रुंदावलं होतं, पण ‘सन’ थेट मूळ गावातच परत जातं, आणि जातं ते क्लेअर नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीबरोबर. मूल जन्माला घालणं ही तिला नेमून दिलेली नोकरी. बाळंतपणात तिचे डोळे झाकलेले असतात, शस्त्रक्रिया होते, मूल तिला दाखवतही नाहीत. मग तिला मत्स्यबीज केंद्रात कामाला पाठवतात आणि कार्यालयाच्या नजरचुकीने, भावना बोथट करणाऱ्या गोळ्या तिला कोणी देतच नाही. म्हणून तिला आपलं मूल हवंसं वाटतं. इतर कुठेही ही साधी गोष्ट असेल, त्या समाजात मात्र ती बंडखोरी ठरते.

क्लेअर काहीतरी निमित्त काढून बालसंगोपन केंद्रात जाते. तिथे एक हसतमुख माणूस तिला बाळ हातात घेऊ देतो, त्याच्या खोड्या सांगतो. तो जोनसचा बाप. क्लेअरला तो चांगला वाटतो, आणि तो चांगला आहेच. पण त्याचे हात काय करतात ते वाचकाला एकोणीस वर्षांपासून ठाऊक आहे. लाऊरी इथे एक शब्दही जास्तीचा खर्च करत नाही. जुनं पुस्तक वाचकाच्या मनात जिवंत आहे यावर ती विसंबते, आणि तीनचार साध्या संवादांत पोटात गोळा येतो. ‘द गिव्हर’मध्ये जन्मदात्रींचा उल्लेख अगदी ओझरता आहे, तिथे ते एक प्रतिष्ठा नसलेलं काम. लाऊरीचा वैमानिक मुलगा 1995 मध्ये लढाऊ विमानाच्या अपघातात गेला. त्या दुःखाचा आणि या पुस्तकाचा संबंध मी जोडत नाही, पण आईने मुलाचा माग काढत जाण्याची ही गोष्ट ते माहीत असताना वेगळीच वाचली जाते.

याच ताकदीने पुस्तक शेवटापर्यंत गेलं असतं तर मी ते ‘द गिव्हर’च्या शेजारी ठेवलं असतं. समुद्रकाठच्या गावात क्लेअर कडा चढण्यासाठी वर्षानुवर्षं अंग कमावते तो भाग सुंदर आहे. त्यानंतर मात्र माणसांशी सौदे करणारा एक दुष्ट व्यापारी येतो आणि सगळ्या वाईटाचं ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर जातं. ‘द गिव्हर’ची भीती अशी होती की तिथे दुष्ट कोणीच नव्हतं, चांगल्या मनाची माणसं नेमून दिलेलं काम करत होती. उशिरा परत येणाऱ्या पुस्तकाचा सगळ्यात मोठा धोका हाच. वाचकाला इतकी वर्षं थांबवल्यावर त्याला सुखरूप घरी पोचवावंसं वाटतं आणि पहिल्या पुस्तकाने उघडी ठेवलेली जखम शिवली जाते.

ॲटवूडचं ‘द टेस्टामेंट्स’ 2019 मध्ये, ‘द हँडमेड्स टेल’नंतर चौतीस वर्षांनी आलं आणि त्याला बुकर विभागून मिळालं. मूळ पुस्तक कुमारांसाठीचं नव्हे. पण नव्यातल्या तिघी निवेदकांपैकी दोघी कोवळ्या मुली आहेत आणि तिसरी मूळ पुस्तकातली ती दरारा वाटणारी आंट लिडिया, म्हणून ते इथे हवंच. लिडिया न्यायाधीश होती, तिला इतर बायकांबरोबर स्टेडियममध्ये डांबलं, मोडलं आणि मग तिने जगणं निवडलं, ही पानं थरारक आहेत. पण ती पहिल्यापासून आतून सुरुंग पेरत होती, हे उत्तर मला फार सोयीचं वाटतं. छळ करणाऱ्याला इतक्या स्वस्तात सोडवू नये.

ब्लॅकमनचं ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ (2001) इंग्लंडमधल्या एका पिढीने शाळेत वाचलं. त्यात सत्ता काळ्या ‘क्रॉसेस’च्या हाती आहे आणि गोरे ‘नॉट्स’ दबलेले. शाळेतल्या गोऱ्या मुलीच्या कपाळावरच्या जखमेला लावलेली पट्टी गडद तपकिरी असते, कारण बाजारात दुसऱ्या रंगाची पट्टी मिळतच नाही. या एका पट्टीने जे साधलं ते त्याच जगात उशिरा परतणाऱ्या ‘क्रॉसफायर’ (2019) आणि ‘एंडगेम’ (2021) यांच्या अपहरणांना आणि खटल्यांना साधत नाही. तरी नॉट समाजातला पहिला पंतप्रधान खुनाच्या आरोपात सापडतो, आणि कालचा प्रेमळ मुलगा सत्तेत किती बदलला हे आपण बघतो, तेव्हा ब्लॅकमनची नजर अजून तितकीच धारदार आहे हे पटतं.

आणि कॉलिन्स. तिच्या जगात मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. पुस्तकातली तीन बोटांची सलामी 2014 च्या लष्करी उठावानंतर थायलंडच्या रस्त्यांवर आली आणि 2021 मध्ये म्यानमारमध्ये. ती केल्याबद्दल थायलंडमध्ये तरुणांना पकडून नेलं. खऱ्या माणसांनी अशी किंमत मोजल्यावर, कॅटनिसच्या विजयानंतरची सुखी गोष्ट लिहिणं बरोबर दिसलं नसतं. कॉलिन्स मागे गेली. 2020 च्या ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’मध्ये तिने राष्ट्राध्यक्ष स्नोला अठरा वर्षांचा केलं. युद्धात सगळं गमावलेल्या, कोबीचं सूप पिऊन घराण्याची अब्रू सांभाळणाऱ्या घरातला पोरगा. तो काही गप्प बसला नव्हता. दर वळणावर त्याने निवड केली आणि दर वेळी ती स्वतःला पटवून दिली. शेवटच्या जंगलातल्या पानांवर हे पटवणं इतकं सहज होतं की वाचकही दोन पावलं त्याच्याबरोबर चालून जातो.

पण माझ्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘सनराइज’मध्ये आहे. पहिल्या मालिकेत हेमिच म्हणजे कॅटनिसचा मार्गदर्शक, मंचावरून कोसळणारा दारुडा. ‘कॅचिंग फायर’मध्ये कॅटनिस आणि तिच्याबरोबर खेळांत उतरलेला पीटा त्याच्या पन्नासाव्या खेळांची जुनी चित्रफीत बघतात. त्यात दिसतो एक धूर्त, एकलकोंडा मुलगा, स्वतःचा जीव वाचवून जिंकलेला. 2009 पासून आपण सगळे तेच खरं मानून बसलो होतो. आता कळतं, ती फीत कापलेली होती.

सोळाव्या वाढदिवशीच हेमिचला उचलतात. खेळांआधीच्या मिरवणुकीत रथ उलटतो आणि त्याच्या गावची तेरा वर्षांची लुएला मरते. तो तिचं कलेवर उचलून थेट स्नोच्या सज्जासमोर नेतो. हे प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. उलट लुएलासारखी दिसणारी, औषधांनी गुंगवलेली दुसरी एक मुलगी तिच्या नावाने मैदानात उतरवतात. म्हणजे मेलेल्या मुलीचं मरणही तिच्या नावावर राहू दिलं नाही. हेमिच पाण्याची प्रचंड टाकी उडवून ते मैदानच मोडायचा प्रयत्न करतो, तेही कापलं जातं. ‘द गिव्हर’मधल्या चित्रफितीने खरं दाखवलं होतं आणि तेवढ्याने जोनस जागा झाला. बत्तीस वर्षांनंतरच्या या पुस्तकात चित्रफीतच खोटी आहे. पडद्यावरच्या पुराव्याबद्दलचा आपला विश्वास मधल्या काळात कुठून कुठे आला, ते या दोन दृश्यांत मोजता येतं.

दोष आहेत. कॅटनिसचे आईवडील, एफी, बीटी, मॅग्स, प्लुटार्क, सगळे या ना त्या वळणावर भेटतात, आणि एवढा मोठा देश चाळीसारखा वाटू लागतो. ओळखीचा चेहरा दाखवून वाचकाला खूश करण्याची या लेखिकेला गरज नव्हती. पण आधीच्या पिढ्यांनी हातपाय हलवलेच नाहीत, हा आमचा समज तिने मुळापासून उखडला. ती माणसं लढली होती. त्यांचं लढणं कोणीतरी टेबलाशी बसून कापून टाकलं होतं.

‘मॉकिंगजे’च्या शेवटाकडे एक वाक्य आहे. हेमिच दारू पितो आणि ती संपली की गाडी पुढचा साठा आणेपर्यंत हंस पाळतो. वाचताना हसू येतं, कारण ते तसं लिहिलंय. ‘सनराइज’मध्ये त्याच्या प्रेयसीचा, लेनोर डव्हचा, हंसांवर जीव असतो आणि स्नोने पाठवलेली विषारी गोळी तो अजाणता आपल्याच हाताने तिला भरवतो. अखेरीस म्हाताऱ्या हेमिचला कॅटनिस हंसांची अंडी आणून देते.

मुलगी परवा घरी आली तेव्हा तिने माळ्यावरून जुनी ‘मॉकिंगजे’ काढली. अप्पा बळवंत चौकातून घेतलेली ती प्रत, पानोपानी तिच्या पेन्सिलीच्या रेघा. ते वाक्य तिने शोधून काढलं. त्याखाली रेघ नव्हती. बराच वेळ ती ते पान उघडं धरून बसली आणि मग म्हणाली, “आई, पेन्सिल दे गं.”