थकलेल्या प्रकाशाचा पक्ष

दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या आढळतात. या ताम्रच्युतीचे कारण विश्वाचे प्रसरण होय, हे मत आज बहुमान्य आहे. ते नाकारणारे पर्याय मात्र पुनःपुन्हा मांडले जातात आणि त्यांच्या समर्थकांची तक्रारही ठरलेली असते : आमचे कोणी ऐकूनच घेतले नाही. ही तक्रार कितपत खरी आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. परंतु पुराव्याचा न्याय दोन्हीकडे एकच.

सर्वांत जुना पर्याय फ्रिट्झ झ्विकी यांचा. हबल यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच, म्हणजे १९२९ साली त्यांनी सुचविले की, दीर्घ प्रवासात प्रकाशाची ऊर्जाच क्षीण होत असावी. यास पुढे ‘थकलेला प्रकाश’ हे नाव पडले, आणि बरीचशी फसगत या नावानेच केली आहे. माणूस थकतो म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक असते; प्रकाश थकतो म्हणजे काय होते, हे त्या क्रियापदातून कळत नाही. वाटेतील कणांवर आदळून ऊर्जा जात असेल, तर प्रकाशाची दिशाही ढळेल व दूरच्या दीर्घिका धूसर दिसतील. तशा त्या दिसत नाहीत.

खरी कसोटी काळाची आहे. प्रसरण मानले, तर दूरच्या अतिनवताऱ्याच्या उजळण्या-मंदावण्यास लागणारा अवधीही तरंगलांबीच्याच प्रमाणात वाढला पाहिजे. प्रकाश नुसता थकत असेल, तर तो वाढण्याचे कारण नाही. ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ने २०२४ मध्ये सुमारे १,५०० अतिनवताऱ्यांवरून या वाढीचा घातांक काढला. प्रसरणाप्रमाणे तो १ यावा, थकव्याप्रमाणे ०. तो आला १·००३, आणि सांख्यिकीय त्रुटी अवघी ०·००५.

आपल्याकडे या वादात जयंत नारळीकरांचे नाव ढालीसारखे पुढे केले जाते. तो त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या कल्पनेत भूतकाळी कणांचे वस्तुमान कमी होते, म्हणून त्या काळचे अणू अधिक लांब तरंगांचा प्रकाश देत. तेथे अणूंची कालगतीही त्याच प्रमाणात बदलते. सबब वरील कसोटीने ती कल्पना बाद होत नाही. ते गणित आहे, रूपक नव्हे.

हॉल्टन आर्प यांची गोष्ट निराळी. जवळच्या दीर्घिकेलगत अधिक ताम्रच्युतीचे क्वासार दाखवून, ते तिच्यातूनच बाहेर फेकले गेले आहेत, असे ते म्हणत. अपवाद गोळा करणे निंद्य नव्हे. ग्रिमच्या ध्वनिनियमास ‘भ्रातृ’शी संबद्ध गॉथिक शब्द जुळत होता, ‘पितृ’शी संबद्ध शब्द जुळत नव्हता, व्हेर्नरने संस्कृतातील स्वराघात पाहून त्या अपवादाचाच नियम केला, आणि तो इतर शब्दांनाही लागू पडला. आर्प-पक्षाच्या अपवादांतून निघालेला नियम असा की, दीर्घिकांलगतच्या क्वासारांच्या ताम्रच्युती ठरावीक अंतराने पुनरावृत्त होतात. हॉकिन्स, मॅडॉक्स व मेरिफील्ड यांनी २००२ मध्ये हा नियम १,६४७ नव्या जोड्यांवर पडताळून पाहिला. वर्तविलेली पुनरावृत्ती तेथे आढळली नाही. दुसरीही कोणती आढळली नाही.