रचलेल्या जगांतल्या म्हणी

टॉल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरियाच्या बोगद्यात चाचपडणाऱ्या सोबत्यांना ॲरागॉर्न धीर देतो. काळोखात घरची वाट शोधायची वेळ आली, तर राणी बेरुथिएलच्या मांजरांपेक्षा गँडाल्फचा भरवसा जास्त, असं काहीसं तो बोलून जातो आणि मंडळी पुढे चालू लागतात. ही राणी कोण, तिची मांजरं कसली, हे कोणी विचारत नाही. पुढच्या शेकडो पानांत तिचं नाव पुन्हा येत नाही. गंमत म्हणजे टॉल्कीनलाही ते ठाऊक नव्हतं. १९५५ साली कवी डब्ल्यू. एच. ऑडनला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगून टाकलं, की या मांजरांचा पत्ता आपल्याला अजून लागलेला नाही. नंतर त्याने तो लावला. नऊ काळी मांजरं, एक पांढरं, राणी त्यांच्याकरवी लोकांवर हेरगिरी करायची, वगैरे. त्याच्या मृत्यूनंतर १९८० साली निघालेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’च्या टिपांत ही हकीकत वाचायला मिळते. ती वाचल्यावर मूळ वाक्याच्या पदरात काही जास्त पडलं, असं मला वाटत नाही.

एखाद्याने निरोपाचा ‘ध चा मा’ केला असं आपण म्हणतो, तेव्हा १७७३ सालचा शनिवारवाडा, नारायणराव, आनंदीबाई यांतलं काही डोळ्यांसमोर येतंच असं नाही. क्रिकेटमध्ये आपल्या संघाचं पानिपत होतं, तेव्हा सदाशिवरावभाऊ आठवत नाहीत. खून आणि लढाया बोलण्यात झिजून उरतात. ज्या समाजाला भूतकाळ असतो, त्याच्या तोंडी असे झिजलेले तुकडे येणारच, आणि ते तो कोणाला समजावून सांगत बसत नाही. बेरुथिएलची मांजरं हा असा तुकडा आहे. फँटसी कादंबरीतल्या विश्वरचनेचा, म्हणजे हल्ली सगळे ज्याला ‘वर्ल्डबिल्डिंग’ म्हणतात त्या कलेचा विचार करताना मला पहिली कसोटी हीच वाटते: या जगातल्या माणसांकडे आपल्या म्हणी आहेत का?

आजची जाडजूड फँटसी हातात घेतली, तर पुष्कळदा आधी नकाशा लागतो. उत्तरेला बर्फ, मध्ये डोंगररांग, पूर्वेला वाळवंट आणि तिथले रागीट लोक. शेवटी राजघराण्यांची वंशावळ, देवतांची यादी, शब्दार्थ. हे सगळं ओलांडून संवादापाशी आलं, की सरदार, सैनिक आणि भटारखान्यातली पोरगी एकाच भाषेत बोलतात, आणि ती भाषा गेल्या आठवड्यात पाहिलेल्या वेबसीरिजची असते. उर्सुला ले ग्विनने १९७३ साली ‘फ्रॉम एल्फलँड टू पकीप्सी’ या निबंधात हे दुखणं नेमकं पकडलं होतं. एका फँटसी कादंबरीतला संवाद घेऊन तिने त्यातले मोजके शब्द बदलले आणि तो वॉशिंग्टनमधल्या राजकारणावरच्या कादंबरीत बेमालूम बसतो हे दाखवलं. पन्नास वर्षं उलटली, प्रयोग अजून यशस्वी होतो.

याचं खापर टॉल्कीनवर फोडायची पद्धत आहे. ते अर्धंच बरोबर आहे. तो ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. फिनिश आणि वेल्श भाषांच्या नादावर भाळून त्याने आपल्या भाषा रचायला घेतल्या, आणि त्या बोलायला कोणीतरी हवं म्हणून माणसं, एल्फ आणि त्यांचा इतिहास आला, असं तो स्वतः सांगे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली निघालं, तोवर या उद्योगाला जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. नकाशाही त्याने आधीच काढला होता आणि गोष्ट त्यात बसवली होती. चंद्राच्या कला जुळाव्यात म्हणून प्रवासाच्या तारखाही बदलल्या. म्हणजे नकाशाचं वेड खरंच त्याच्याकडून आलं. पण पुस्तकात या तयारीतलं किती उतरलंय ते पाहा. मॉर्डॉरच्या राखेत काही उगवत नाही, मग त्या अफाट सैन्याला खायला कोण घालतं? उत्तर ओझरतं येतं: दक्षिणेला नूर्नेन सरोवराकाठी गुलामांकडून कसून घेतलेली शेतं आहेत. फ्रोडो आणि सॅम ती शेतं पाहत नाहीत, आपणही नाही. मॉर्डॉरचा शेतसारा या विषयावर प्रकरण लिहिण्याची सोय असूनही टॉल्कीनने ते लिहिलं नाही.

नंतरच्यांनी तयारीच पुस्तकात ओतायला सुरुवात केली. त्याचं एक कारण मला १९७४ साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात दिसतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेल्या या खेळात खेळाडू कुठेही जाऊ शकतो. तो अचानक डावीकडच्या गावात शिरला, तर तिथली धर्मशाळा, तलवारीची किंमत, देवळातला पुजारी, सगळं सूत्रधाराच्या वहीत तयार पाहिजे. खेळाची ती खरी गरज आहे. कादंबरीच्या वाचकाला मात्र डावीकडे वळता येत नाही. लेखक नेईल तिकडेच जावं लागतं. तरीही वहीची सवय कादंबरीत आली. ‘ड्रॅगनलान्स’च्या १९८४पासूनच्या कादंबऱ्या तर थेट खेळाच्या साहसांतूनच निघाल्या. डायना विन जोन्सने १९९६ साली ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ हे खोटं पर्यटन-मार्गदर्शक लिहून या साऱ्या साच्याची मनसोक्त टर उडवली. तिथे प्रवाशांना जेवायला कायम रस्साच मिळतो, शिजायला कितीही वेळ लागो. आणि घोडे इतके न थकता, न आजारी पडता धावतात, की त्यांची पैदास परागीभवनानेच होत असावी. हे पुस्तक वाचल्यावर अनेक नावाजलेल्या मालिका गंभीरपणे वाचणं अवघड जातं, एवढाच त्याचा दोष.

सध्या या कलेचा सर्वांत प्रभावी शिक्षक ब्रँडन सँडरसन. २००७ साली त्याने आपला पहिला नियम मांडला: जादू वाचकाला जितकी समजलेली असेल, तितपतच तिच्या जोरावर लेखकाने पेच सोडवावेत. हा प्रामाणिक नियम आहे. रहस्यकथेतला खुनी आधी एकदा तरी वाचकासमोर येऊन गेलेला असावा, तसला. ‘मिस्टबॉर्न’मध्ये (२००६) धातू गिळून पोटात ‘जाळले’ की शक्ती येते: लोखंडाने ओढायचं, पोलादाने ढकलायचं. फेकलेल्या नाण्याला ढकललं तर नाणं उडतं. नाणं जमिनीला टेकलेलं असेल तर ढकलणारा वर उडतो. न्यूटन इथे हजर आहे, आणि छपरांवरचे पाठलाग त्यामुळे खरंच थरारक झालेत. पण जादू इतकी हिशेबी झाली, की ती अभियांत्रिकीची शाखा होते, आणि माणसं तिच्या प्रात्यक्षिकाला आलेल्या विद्यार्थ्यांसारखी वागू लागतात. आकाशातून सतत राख पडणाऱ्या त्या देशात राखेवरून निघालेल्या म्हणींचा, शिव्यांचा, लग्नातल्या खोड्यांचा पूर यायला हवा होता. तो मला तिथे जाणवला नाही. सँडरसनचे चाहते मात्र याने डगमगत नाहीत: २०२२ साली चार नव्या कादंबऱ्यांसाठी त्याने वाचकांकडून थेट ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली.

जॉर्ज मार्टिनची गोष्ट वेगळी आणि जरा करुण. त्याच्या वेस्टेरोसमध्ये बोलणं आहे. घराण्यांची ब्रीदवाक्यं, दाईच्या गोष्टी, अनौरस मुलांना प्रांतागणिक मिळणारी आडनावं, हे सगळं माणसांच्या तोंडून आणि त्यांच्या अपमानांतून कळतं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या हिवाळ्यात कोठारं कशी पुरतात, हा हिशेब त्याने नीट मांडलेला नाही आणि वाचताना त्याचं फारसं बिघडत नाही. मात्र मालिकेचा पाचवा भाग २०११ साली आला आणि सहाव्याची वाट पाहता पाहता २०१४ साली त्या जगाचा सचित्र इतिहास, २०१८ साली टार्गेरियन घराण्याची बखर अशी पुस्तकं निघाली. जग गोष्टीपेक्षा लवकर पिकतं, कारण त्याला शेवट लागत नाही.

या पसाऱ्याविरुद्ध सर्वांत कडवा आवाज एम. जॉन हॅरिसनचा. २००७ साली त्याने विश्वरचनेचा हव्यासच निकालात काढला: जी जागा अस्तित्वात नाही तिची इंच न् इंच मोजणी कशासाठी, वाचकाच्या कल्पनेला जागा न ठेवणं हाच तिचा परिणाम, असा त्याचा सूर होता. त्याने हे आधी करूनही दाखवलं होतं. १९७१च्या ‘द पेस्टल सिटी’पासूनच्या विरिकोनियमच्या पुस्तकांत ते शहर जाणूनबुजून बदलत राहतं, एका कथेतली गल्ली दुसरीत सापडेलच याची हमी नाही. मला हॅरिसनचा राग पटतो, त्याचा उपाय तेवढा पटत नाही. विरिकोनियममध्ये वाचक कायमचा पाहुणा राहतो. कुठल्याही जगात राहायला जायचं, तर निदान काही गोष्टी उद्याही तिथेच असाव्या लागतात.

तसं राहता येतं ते ले ग्विनच्या अर्थसीमध्ये. तिनेही आधी नकाशाच काढला: समुद्रात विखुरलेली बेटं. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) हे त्यावरचं पहिलं, आकाराने लहानसं पुस्तक. मुलांसाठी लिहिलेल्या त्या पुस्तकात गाँट बेटावरची एक म्हण येऊन जाते. बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट असते, असा तिचा आशय. तेव्हा ती नुसती गावरंगत वाटते. बावीस वर्षांनी, १९९० साली, ‘तेहानू’मध्ये ले ग्विन त्याच बेटावर परतली आणि तीच म्हण तिने उलगडायला घेतली. हे कोणी म्हटलं, कोणाच्या सोयीसाठी, आणि म्हणणाऱ्यांची भांडी कोण घासत होतं? नकाशात नवी भर नाही, जादूचा नवा नियम नाही. विधवा शेतकरीण झालेली तेनार, तिच्या शेळ्या, जेवण झाल्यावर आपलं ताट उचलणं म्हणजे बायकी काम समजणारा तिचा मुलगा. जग तेच, पण चुलीपाशी बसून पाहिलेलं. काहींना हा विश्वासघात वाटला. माझ्या मते विश्वरचनेच्या कलेत गेल्या अर्धशतकात याहून धाडसी काही झालेलं नाही.

एन. के. जेमिसिनने हा धागा पुढे नेला. ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) आणि त्यापुढची दोन पुस्तकं यांना सलग तीन वर्षं ह्यूगो मिळाला. असा मान तोवर कोणालाच मिळाला नव्हता. सतत भूकंपांनी हादरणाऱ्या त्या खंडात पृथ्वी आई नाही. ती बाप आहे, आणि लेकरांवर दात धरून आहे. धातू गंजतो, दगड टिकतो, म्हणून ‘गंज’ ही तिथली शिवी. माणसाच्या नावातच त्याचं काम आणि वस्ती गुंफलेली, कारण आपत्तीत कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला वेशीबाहेर मरू द्यायचं, हे त्यावरून ठरतं. पुस्तकाच्या मागे शब्दार्थ दिलेत, पण शिवी कळायला ते उघडावे लागत नाहीत. सुझाना क्लार्कची ‘पिरानेसी’ (२०२०) तर एकाच इमारतीत घडते: अंत नसलेली दालनं, पुतळे, खालच्या मजल्यांत भरती-ओहोटी. निवेदक भरतीची कोष्टकं मांडतो, मासे पकडतो, आणि नैऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस आला त्या वर्षाला त्याच घटनेचं नाव देतो. वर्षाच्या त्या एका नावातून तिथला एकांत कळतो.

आपल्याकडे या खटाटोपाची गरज नाही, आपली पुराणं आहेत, असं म्हणणारे भेटतात. पुराणांतला भुवनकोश हा नकाशांचा कळस आहे हे खरं: सात द्वीपं, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, आणि भोवती खारं पाणी, उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध, गोडं पाणी यांचे समुद्र. पण दह्याच्या समुद्रात कोणाची नाव फुटल्याची गोष्ट निदान माझ्या वाचनात नाही. क्षीरसागराची आहे, कारण तिथे कोणाला तरी अमृत हवं होतं. अमीश यांच्या ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ने (२०१०) पुराणांचं जग उसनं घेतलं आणि मग सोमरस कसा काम करतो याचा शरीरशास्त्रीय खुलासा दिला. वाचक महादेवाला आधीच ओळखतो, त्यामुळे रचनेचं निम्मं काम फुकट होतं. ती सोय आहे. तिला विश्वरचना म्हणणं जड जातं.

मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कथांचा जोर होता, आणि हरिभाऊ आपट्यांच्या नंतर आपण ते सगळं पोरकट ठरवून माळ्यावर टाकलं. त्यानंतर परकं जग ताकदीने उभं केलं ते जी. ए. कुलकर्णींनी. ‘रमलखुणा’मधली (१९७५) ‘इस्किलार’ ही दीर्घकथा नकाशा, टिपा, प्रस्तावना यांपैकी कशाशिवाय वाचकाला अनोळखी देशात नेऊन सोडते, आणि वाचक तक्रार करत नाही. जी.एं.चं वाक्य एवढं वजनदार, की त्यावर देश उभा राहतो. मर्यादा आहे ती हीच: तिथे भेटणारा जो तो जी.एं.च्याच वाक्यात बोलतो. त्या देशात नियती आहे, बाजार नाही. कोणी कोणाचं देणं लागतं ते जन्माचं असतं, पायलीभर धान्याचं नसतं.

बाजाराचं मराठी पुस्तक वेगळं आहे आणि ते फँटसीच्या कपाटात कोणी ठेवत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गाव-गाडा’, १९१५ सालचं. कुळकर्णी, पाटील, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते. कोणाला सुगीत काय मिळतं, कोण किती उपटतो, कोणाचा मान कुठे अडतो. आत्र्यांना कल्पित काही लिहायचं नव्हतं, त्यांना गाव समजून घ्यायचा होता आणि त्याच्यावर ते चिडलेलेही होते. सुतार, लोहार, गुरव, जोशी यांच्या हिश्शांवरून जिथे पिढ्यान् पिढ्या कुरबुरी चालतात, अशा गावात उद्या एक जादूगार राहायला आला, तर त्याचं बलुतं किती धरायचं आणि ते कोणाच्या वाट्यातून कापायचं, यावरून चावडीवर जे भांडण पेटेल त्यात एका मराठी फँटसीची पहिली शंभर पानं सहज आहेत.